शाळेचे दिवस भरले, पण तास भरले का? पुण्यातल्या पालकांनी वेळापत्रक कसं तपासायचं

दरवर्षी जून आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. शाळा सातला का नऊला, शनिवारी पूर्ण दिवस का बोलावलं, पावसाची सुट्टी नंतर भरून घेणार का, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसमध्ये गणिताचे तास जातात ते कुणाला सांगायचं. आणि उत्तरं येतात ती सगळी ऐकीव, कोणी म्हणतं २०० दिवस, कोणी २२०, कोणी २३०. तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या इयत्तांसाठी आहेत, आणि दिवसांच्या आकड्यावर सगळे इतके अडकतात की खरी गोष्ट राहूनच जाते. कायद्यात दिवसांबरोबर तास पण लिहिलेत. दिवस पूर्ण भरूनही तास कमी पडू शकतात आणि बऱ्याच साध्या, नेहमीच्या वेळापत्रकांत ते पडतातच, हे खाली गणित करून दाखवते.

मी स्वतः शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य म्हणून काम केलंय, त्यामुळे हे पालकांच्या बाजूने लिहितेय, पण हे वाचून कोणी शिक्षकांवर तुटून पडावं असं मला अजिबात वाटत नाही. वेळापत्रक बिघडतं त्याची बरीचशी कारणं वर्गाच्या बाहेरची असतात, तेही पुढे येईलच.

आधी ठरवा, आपल्या मुलाला कोणता नियम लागतो

पहिली ते आठवीसाठी मूळ आधार म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला, ज्याला आपण आरटीई म्हणतो. आपल्याकडे आरटीई म्हटलं की लोकांना फक्त २५ टक्के प्रवेशाची लॉटरी आठवते, पण त्याच कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे आणि त्यात शाळेने किमान काय काय द्यायचं ते आहे. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास. सहावी ते आठवीला किमान २२० दिवस आणि १००० तास. दिवस आणि तास, दोन्ही, एक पूर्ण केलं म्हणजे दुसरं माफ असं नाही. त्याच परिशिष्टात शिक्षकांचे आठवड्याचे किमान ४५ तास लिहिलेत आणि त्यात शिकवण्याची तयारी पण धरलीय, म्हणजे शाळा सुटल्यावर बाई स्टाफरूममध्ये बसून टाचण काढतात किंवा वह्या तपासतात ते पण त्यांचं कामच आहे, हे पालकांनी लक्षात ठेवलेलं बरं.

नववी दहावीला आरटीई लागत नाही, तिथे माध्यमिक शाळा संहिता येते. शिक्षण विभाग दरवर्षी सुट्ट्यांचं जे परिपत्रक काढतो त्यात याच संहितेच्या आधाराने लिहिलेलं असतं की वर्षातल्या सगळ्या प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ पेक्षा जास्त होऊ नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० व्हावेत. तो २३० चा आकडा इथून आलाय.

आता पाचवीचा घोळ. आपल्याकडे खूप शाळांमध्ये पाचवी हायस्कूलला जोडलेली असते, पाचवी ते दहावी एका इमारतीत, एकाच वेळापत्रकात. पण आरटीईच्या हिशोबात पाचवी प्राथमिकमध्येच येते, म्हणजे तिला २०० दिवस ८०० तास. आणि सकाळी नऊचा जो नियम आहे तो चौथीपर्यंतच आहे, त्यामुळे चौथीत नऊला जाणारं मूल पाचवीत एकदम सातला जायला लागतं आणि यात शाळेने नियम मोडलाय असं होत नाही.

सीबीएसई, आयसीएसई शाळांना आरटीईचे हे आकडे लागतात का, तर हो, बोर्ड कुठलंही असो. अपवाद अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांचा, आणि पुण्यात कॅम्पात, पेठांमध्ये अशा शाळा भरपूर आहेत म्हणून सांगते. सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या प्रमती निकालात अशा शाळांना आरटीई लागू होत नाही असं म्हटलंय. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका घेऊन विषय मोठ्या खंडपीठाकडे पाठवायला सांगितलाय. तुमची शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर अर्जात आरटीईचं कलम टाकू नका, बोर्डाचे नियम आणि शिक्षण विभागाचं परिपत्रक यांच्या आधारावर बोला, नाहीतर पहिल्याच उत्तरात अर्ज बाजूला पडतो.

कागद जमवा

फार काही लागत नाही. शाळेची वार्षिक सुट्ट्यांची यादी, मुलाच्या वर्गाचं आठवड्याचं वेळापत्रक ज्यात तासिका किती मिनिटांची ते दिसतं, आणि शाळेचं वार्षिक नियोजन ज्यात परीक्षा, सहल, क्रीडा सप्ताह, स्नेहसंमेलन यांच्या तारखा असतात. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक वेळा कॅलेंडरच्या म्हणजे शाळेच्या डायरीच्या पहिल्या काही पानांतच असतात. वार्षिक नियोजन मागावं लागतं, वर्गशिक्षकांना सरळ विचारा, बहुतेक ठिकाणी देतात. जुन्या वर्षाची डायरी असेल तर ती पण काढून ठेवा, मागच्या वर्षी ऐनवेळी किती दिवस बुडाले याचा अंदाज त्यातल्या सूचनांवरून येतो.

दिवस मोजा

आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास सुरू होतात (विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा) आणि मे महिन्याच्या सुरुवातीला उन्हाळी सुट्टी लागते. या मधल्या काळातून रविवार, दिवाळीची सुट्टी, सणवार, राष्ट्रीय सण वजा करा. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला मुलं झेंडावंदनाला जातात पण तो शिकवण्याचा दिवस नाही. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या असतात त्या पण वजा करा. गणपती किंवा नाताळला शाळेला जास्त दिवस सुट्टी द्यायची असेल तर ती दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतून कमी करून शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने देता येते, त्यामुळे गौरी गणपतीला चार दिवस सुट्टी दिसली की लगेच ती जास्तीची आहे असं समजू नका, दिवाळी तेवढी कमी केलीय का ते बघा.

कागदावरच्या सुट्ट्यांपेक्षा पुण्यात जास्त त्रास होतो तो यादीत नसलेल्या सुट्ट्यांचा. पालख्या शहरात येतात, एक निवडुंग्या विठोबाला आणि एक पालखी विठोबाला मुक्कामी असते, त्या दिवसांत नाना पेठ भवानी पेठेच्या बाजूचे रस्ते बंद, स्कूल व्हॅन पोचतच नाहीत. जुलैमध्ये पाऊस, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते त्यामुळे मध्यवस्तीतल्या शाळांचा तो दिवस पण जातो. मग निवडणुका, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा शाळेत मतदान केंद्र आणि शिक्षक ड्युटीवर, म्हणजे फक्त मतदानाचा दिवस जात नाही, आदल्या दिवशी साहित्य घ्यायला जावं लागतं आणि त्याच्या आधी ट्रेनिंग असतं. फेब्रुवारी मार्चमध्ये ज्या शाळेत दहावी बारावीचं केंद्र असतं तिथे खालच्या वर्गांचं वेळापत्रक पार बदलतं, वर्ग कमी पडतात, पर्यवेक्षणाला शिक्षक जातात.

म्हणून माझं म्हणणं असं की कागदावर जेमतेम २२० दिवस बसवले असतील तर ते प्रत्यक्षात २२० होणारच नाहीत. जूनमध्ये मोजताना निदान आठ दहा दिवस जास्तीचे दिसायला हवेत, नसतील तर तिथेच प्रश्न विचारा.

पाच दिवसांचा आठवडा असलेल्या शाळांचं, म्हणजे बाणेर, वाकड, खराडीकडच्या बऱ्याच नव्या शाळांचं गणित उलटं असतं. वर्षाचे ५२ आठवडे, पाच दिवसांनी २६० होतात. सहावी ते आठवीला २२० हवेत म्हणजे उन्हाळा, दिवाळी, नाताळ आणि सगळे सणवार मिळून फक्त ४० दिवस सुट्टी देता येते, आठ आठवडे. उन्हाळ्याचीच सुट्टी त्यातली बहुतेक खाऊन टाकते. पण या शाळा रोज पाच साडेपाच तास शिकवतात, त्यामुळे तिथे तास आरामात भरतात आणि दिवस कमी पडतात. अशा शाळेने महिन्यातले दोन शनिवार बोलावले तर पालकांनी लगेच कुरकुर करू नये, त्यामागे बहुतेक हेच कारण असतं.

आता तास मोजा, आणि हे नीट मोजा

आधी एक गोष्ट ठरवून घेऊ. परिशिष्टात नुसतं अध्यापनाचे तास असं आहे, मधली सुट्टी धरायची का परिपाठ धरायचा का याचा खुलासा त्यात नाही. मी मधली सुट्टी, लहान सुट्टी आणि प्रार्थना धरत नाही, फक्त तासिका धरते. चित्रकला, पीटी, कार्यानुभव या तासिका मात्र धरायच्याच, तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि त्या वाया जाणाऱ्या तासिका आहेत असं समजणं चूक आहे. शाळा परिपाठ पण धरत असेल तर भांडू नका, दोन्ही पद्धतीने आकडा काढा आणि दोन्ही समोर ठेवा.

आता उदाहरण घेऊ, अगदी नेहमीची मराठी शाळा, सातवीचा वर्ग. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका, ३५ मिनिटांच्या. म्हणजे दिवसाला २८० मिनिटं, चार तास चाळीस मिनिटं. शनिवारी अर्धा दिवस, पाच तासिका ३० मिनिटांच्या, १५० मिनिटं. शाळेने २२० दिवस बरोबर भरलेत, त्यातले ३६ शनिवार आणि १८४ इतर दिवस.

१८४ गुणिले २८० म्हणजे ५१,५२० मिनिटं. ३६ गुणिले १५० म्हणजे ५,४०० मिनिटं. बेरीज ५६,९२० मिनिटं, भागिले ६०, झाले ९४८ तास ४० मिनिटं.

हवे होते १००० तास, म्हणजे दिवस पूर्ण भरूनही ५१ तास २० मिनिटं कमी. आणि यात एकही तास बुडालेला धरलेला नाही, परीक्षा नाही, गॅदरिंग नाही, निवडणूक नाही. या शाळेला कोणी दोष देणार नाही कारण सुट्ट्यांची यादी व्यवस्थित आहे, पण त्या मुलांना कायद्याने ठरवलेला वेळ मिळालेला नाही. हेच मला पालकांना सांगायचंय, अर्धा शनिवार हा दिवस म्हणून एक मोजला जातो पण तास म्हणून अर्धाच असतो.

लहान मुलांचं पण करून बघा. तिसरीचा वर्ग, रोज सात तासिका ३५ मिनिटांच्या म्हणजे २४५ मिनिटं, शनिवारी चार तासिका ३० मिनिटांच्या म्हणजे १२० मिनिटं. २०० दिवसांत ३३ शनिवार धरले तर १६७ गुणिले २४५ म्हणजे ४०,९१५, अधिक ३३ गुणिले १२० म्हणजे ३,९६०, एकूण ४४,८७५ मिनिटं, साधारण ७४८ तास. ८०० ला ५२ कमी. हे भरायचं तर २०० दिवसांवर थांबून चालत नाही, शाळा साधारण २१४ दिवस भरायला लागते.

उपाय पण या गणितातूनच निघतात. सातवीच्या उदाहरणात कमी पडलेली ३,०८० मिनिटं आहेत. ती भरायला एकतर ११ पूर्ण दिवस वाढवायचे, म्हणजे २३१, आणि माध्यमिकच्या २३० ला चिकटूनच आहे हे. नाहीतर रोजच्या पूर्ण दिवसात २० मिनिटं वाढवायची, १८४ दिवसांची ६१ तास २० मिनिटं होतात आणि वर्षाचे १०१० तास पडतात. किंवा शनिवार पूर्ण करायचे, एका शनिवारी १३० मिनिटं वाढतात, म्हणजे २४ शनिवार पूर्ण करावे लागतील, जे मला स्वतःला पटत नाही, मुलं आणि शिक्षक दोघं थकतात. रोज २० मिनिटं हा सगळ्यात सोपा उपाय आहे, पण दोन सत्रांच्या इमारतीत तो सोपा राहत नाही, कारण एका सत्राची मुलं बाहेर पडायच्या आधी दुसऱ्या सत्राची मुलं गेटवर आलेली असतात.

तुमच्या शाळेचे आकडे घालून हेच करा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त तासिकेची मिनिटं वेळापत्रकातून उचला, अंदाजाने ४० धरू नका. पाच मिनिटांच्या फरकाने रोज आठ तासिकांत ४० मिनिटं फिरतात, वर्षाला शंभर तासांच्या वर.

कुठे वेळ गळतो ते लिहून ठेवा

कागदावरचे तास एक, आणि वर्गात मिळणारे तास दुसरे. ही नोंद कुणाला पकडण्यासाठी नाही, पुढच्या वर्षीच्या नियोजनात जागा ठेवता यावी म्हणून. साधी वही पुरते, तारीख, किती तासिका झाल्या नाहीत, कारण. मुलालाच संध्याकाळी विचारायचं, आज ऑफ तास होता का, कोणी प्रॉक्सीला आलं का.

सकाळी दहा मिनिटं उशिरा पहिली तासिका सुरू होणं ही फार छोटी गोष्ट वाटते. पण २२० दिवसांत ती ३६ तास ४० मिनिटं होते, जवळजवळ आठ पूर्ण दिवस. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा सभेत सगळे एकदम गप्प झाले होते. मग लक्षात आलं की उशिराचं कारण गेटवरची गर्दी आणि व्हॅन, शिक्षक नाहीतच, आणि व्हॅनवाल्या काकांशी बोलून वेळा थोड्या पुढेमागे केल्यावर बराच फरक पडला.

डिसेंबरच्या गॅदरिंगबद्दल मला पालकांनाच एक सांगायचंय. नाच बसवण्यासाठी तीन तीन आठवडे तासिका काढून घेतल्या जातात याबद्दल आपण बोलतो, आणि आपल्या मुलाला स्टेजवर घेतलं नाही की तक्रारही आपणच करतो. शाळेला सांगा की प्रॅक्टिस रोज शेवटच्या तासिकेत ठेवा आणि तेच ते विषय बुडणार नाहीत असा दिवस फिरवा, बहुतेक मुख्याध्यापक ऐकतात.

परीक्षेचे दिवस कामाचे दिवस म्हणून धरले जातात, पण शिकवण्याचे तास म्हणून धरताना विचार करा. २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा वर्षाचे २२० दिवस धरून त्यातले साधारण २० परीक्षांसाठी आणि २० कार्यक्रमांसाठी बाजूला काढतो आणि शिकवायला १८० उरवतो. आपल्या शाळेच्या नियोजनात या दोन गोष्टींना मिळून ४० पेक्षा किती जास्त दिवस गेलेत ते बघायला ही मोजपट्टी चांगली आहे. एप्रिलचं पण तसंच, परीक्षा लवकर संपवायची आणि नंतर वर्ग रिकामे, ही जुनी सवय. म्हणूनच २०२५ मध्ये एससीईआरटीने, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, पहिली ते नववीच्या परीक्षांचं राज्यभर एकच वेळापत्रक लावलं, ८ ते २५ एप्रिल. बऱ्याच शिक्षकांना ते जाचक वाटलं, पेपर तपासून १ मेला निकाल द्यायचा म्हणजे हातात चार पाच दिवसच राहतात, आणि ती अडचण खरी आहे. पण एप्रिलचे दिवस वाचले पाहिजेत या मुद्द्यावर मी त्या वेळापत्रकाच्या बाजूने आहे.

उन्हाळ्याची सकाळची शाळा वेगळी मोजा. २०२५ च्या मार्चअखेर उष्णतेमुळे राज्यभर वेळ बदलली, प्राथमिक सात ते सव्वाअकरा आणि माध्यमिक सात ते पावणेबारा. सव्वाचार तासांतून मधली सुट्टी आणि परिपाठ काढला की चार तासांच्या खालीच येतं. असे दिवस पूर्ण दिवसाच्या मिनिटांनी गुणू नका.

आणि शिक्षकांना बाहेरच्या कामाला लावलं जातं त्याबद्दल कायद्याचं कलम २७ माहीत असू द्या. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येत नाही. वर्गशिक्षक वारंवार दुसऱ्याच कामाला जात असतील तर समितीच्या ठरावात हे कलम लिहा. शिक्षकाला स्वतःहून हे बोलता येत नाही, पालक बोलू शकतात.

नऊचा नियम

८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे ठरले, सगळ्या माध्यमांच्या आणि सगळ्या व्यवस्थापनांच्या शाळांना, २०२४-२५ पासून. त्याआधी तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पूर्ण होत नाही हा मुद्दा जाहीरपणे मांडला होता. निर्णयातच लिहिलंय की वेळ बदलताना आरटीईने ठरवलेल्या अध्यापनाच्या वेळेला धक्का लागता कामा नये. आणि ज्या शाळेला खरोखरच जमत नाही तिने शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं, तिथे त्या त्या शाळेची अडचण बघून निर्णय होतो.

म्हणजे तुमच्या मुलाचा दुसरीचा वर्ग अजून सव्वासातला भरत असेल तर शाळेला विचारायचा प्रश्न एकच, शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आहे का आणि असेल तर तिची प्रत बघायला मिळेल का. तोंडी मिळालीय, सगळ्याच शाळा करतात, पालकांनीच मागणी केली होती, ही उत्तरं पुरेशी नाहीत. पालकांची मागणी ही अर्जाला जोडायची गोष्ट झाली, परवानगी वेगळी.

दुपारचं सत्र या नियमात बसतं हे मात्र लक्षात घ्या, कारण नऊ किंवा त्यानंतर. पेठांमधल्या जुन्या शाळांत एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक असायचं, तिथे नऊला प्राथमिक सुरू केलं तर माध्यमिकला जागाच नाही, मग अदलाबदल हाच रस्ता राहतो, मोठी मुलं सकाळी आणि लहान दुपारी साडेबाराला. नोकरी करणाऱ्या आईबापांची यात ओढाताण होते, बाराला मुलाला कोण सोडणार, ते मी नाकारत नाही. पण इमारत तेवढीच असेल तर शाळेपुढे दुसरा पर्याय नसतो.

तपासायचं काय तर नऊला नेताना सुटायची वेळ पण तेवढीच पुढे नेली का. सात दहाची शाळा नऊला आणली आणि सुटणं बारा वीसवरून फक्त एकला केलं, तर रोज एक तास दहा मिनिटं कमी झाली आणि ८०० तासांचा प्रश्नच उरत नाही, ते होणारच नाहीत. मुलांच्या झोपेच्या नावाखाली शिकवण्याची वेळ कापली जाऊ नये, त्या निर्णयाचा उद्देश तो नव्हता.

बोलायचं कुणाशी आणि कसं

वर्गशिक्षक, मग पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक. एकट्याने जाण्यापेक्षा तुमच्या मुलाच्या वर्गातले चार पाच पालक मिळून जा, आणि आकड्याचा कागद घेऊन जा. कागद नसला की चर्चा लगेच आमच्या वेळी असं नव्हतं इथे जाते.

सरकारी, मनपाच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असतेच, कायद्याने तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. सरकारी आणि मनपाच्या शाळेत शाळा विकास आराखडा हीच समिती करते, अनुदानित शाळेत तिचं काम सल्ला देण्याचं असतं, पण तासांचा विषय दोन्हीकडे तिच्या अजेंड्यावर मांडता येतो. विनाअनुदानित शाळेला ही समिती बंधनकारक नाही, तिथे पालक शिक्षक संघात मांडा. सभेच्या इतिवृत्तात विषय आला पाहिजे यावर आग्रह धरा, नुसती चर्चा झाली तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

अर्ज असा लिहिता येईल, लहानच ठेवा:

प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: इयत्ता सातवीच्या वार्षिक अध्यापन तासांबाबत. महोदय, शाळेच्या प्रसिद्ध वेळापत्रकानुसार व सुट्ट्यांच्या यादीनुसार सातवीचे कामाचे दिवस २२० व अध्यापनाचे तास सुमारे ९४९ होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीसाठी किमान १००० तास आवश्यक आहेत. हिशोबाचा कागद सोबत जोडला आहे. आमच्या हिशोबात त्रुटी असल्यास कृपया दाखवावी, अन्यथा कमी पडणारे तास कसे भरून काढण्यात येतील याबाबत लेखी कळवावे व हा विषय समितीच्या पुढील सभेत घ्यावा, ही विनंती.

त्रुटी असल्यास दाखवावी हे वाक्य मुद्दाम ठेवा. शाळेकडे तुम्हाला माहीत नसलेली जादा तासांची नोंद असू शकते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.

शाळेकडून काहीच झालं नाही तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. पुणे शहरात हे प्राधिकरण म्हणजे महापालिका, पिंपरी चिंचवडला तिथली महापालिका, लष्कर भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड, हवेली मुळशी मावळच्या गावांत जिल्हा परिषद, तिथे सुरुवात केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांपासून करा. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. नववी दहावीसाठी हा मार्ग नाही, तिथे शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडे अर्ज करायचा. कागदच मिळत नसतील तर माहिती अधिकार, दहा रुपये फी, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांत, उत्तराला ३० दिवस. खासगी शाळा थेट देत नसेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे त्या शाळेची जी कागदपत्रं आहेत ती मागा, विशेषतः वेळबदलाच्या परवानगीची प्रत.

दिवाळीला पुन्हा एकदा

जूनचा हिशोब हा अंदाज असतो. पहिलं सत्र संपलं की वहीतल्या नोंदी काढा आणि प्रत्यक्षात किती तास झाले ते मोजा. तोपर्यंत पालखी, पाऊस, गणपती सगळं होऊन गेलेलं असतं, आणि हातात नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने असतात, त्यात तूट भरता येते. मार्चमध्ये मोजलं तर शाळेची इच्छा असूनही काही करता येत नाही. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या सभेत तीनच गोष्टी मागा: पहिल्या सत्रात बुडालेल्या तासिका कोणत्या शनिवारी घेणार त्याच्या तारखा, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसचं विषयवार वेळापत्रक, आणि शाळेत बोर्डाचं केंद्र असेल तर त्या दिवसांत खालचे वर्ग कुठे आणि किती वाजता भरणार. या तिसऱ्या गोष्टीचं उत्तर जानेवारीच्या आत लेखी घ्या, कारण फेब्रुवारीत परीक्षेची धावपळ सुरू झाल्यावर ऑफिसमध्ये कुणालाच वेळ नसतो.